दोन्ही बाजूंनी वापरता येईल

मार्चमध्ये चार हजार नगांची ऑर्डर आली.
दोन देशांचे झेंडे शेजारी शेजारी,
खाली हातात हात,
आणि त्याखाली एक शब्द, जो आमच्या कारखान्यात
कुणालाच वाचता आला नाही.
मैत्री असेल, मी म्हणालो.
बिलं मी लिहितो, म्हणून परदेशाचं मलाच विचारतात.

अंजय्या मास्तरांनी जेकॉर्डची कार्डं पाडली.
भिंगातून आलेखाचा एकेक चौकोन बघत,
रंग वर यायचा तिथं भोक,
खाली जायचा तिथं कोरा पुठ्ठा.
बोटं बसेनात. कुठलं बोट कुणाचं
हे ठरवण्यात अकरा दिवस गेले.
"झेंड्याचं काय, सरळ पट्टे.
हात मिळवायलाच लई अवघड बे."

माल निघाला, न्हावा शेव्याला अडकला.
तांबडा समुद्र नको म्हणून जहाजं
आफ्रिकेला वळसा घालतात, जागा नाही.
मी बालमणीला नकाशावर बोट फिरवून दाखवलं.
ती शिलाईवरून न उठता म्हणाली,
विजापूर वेशीत रस्ता खोदला की
आमची रिक्षा पण अशीच जाते.
वरचे दहा रुपये आमच्याकडूनच घेतात.

जहाजात जागा मिळायच्या आत मैत्री संपली.
मेल दोन ओळींचा. कारण दिलं नव्हतं,
पण तोवर टीव्हीवर एका झेंड्याचे लोक
दुसऱ्याच्या वकिलातीपुढं टायर जाळत होते.
गठ्ठे परत आले,
टेंभुर्णीजवळ ताडपत्री फाटून थोडे भिजलेले.
मालकांनी ते मंगळवार बाजारात किलोवर काढले.

आता दत्तनगरात दोरीवर तेच देश वाळतात.
साखर पेठेतला न्हावी दाढीआधी
ते गळ्याभोवती खोचतो.
पार्क चौकात एक पोरगं
हातातल्या हातांनी टेबल पुसतं,
सांडलेला चहा सीमेपर्यंत जातो
आणि पुढंही जातो.

ऑगस्टात नवी ऑर्डर.
डावा झेंडा तोच. उजवा बघून मी चरकलो:
हा तर त्यांचा गेल्या वर्षीचा वैरी.
मास्तर माळ्यावर चढले, सुतळी बांधलेला
गठ्ठा फुंकर मारून खाली आणला.
"डावी बाजू तयार आहे. उजवी पण असंल कुठंतरी,
दहा वर्षामागं केलती."
आणि हात?
"हात तेच."

एका गठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेला देश
आता नकाशात नाही.
तो टाकत का नाही, विचारलं.
पुठ्ठा चांगलाय, म्हणाले.
सुतळी मात्र त्याला दोनदा गुंडाळलेली.

बालमणीचा तिरुपती मस्कतला क्रेन चालवतो.
म्हणून ती विचारते, मीही रात्री जागून बातम्या वाचतो.
एकदा जुन्या चलनाच्या पाठीवर बाण काढले:
हा त्याला तोफा देतो, तो याच्याकडून तेल घेतो,
हे दोघं बोलत नाहीत, पण तिसऱ्याच्या घरी जेवतात,
तिसरा दोघांना शिव्या देतो आणि गहू पाठवतो.
कागद भरला.
तिनं तो उलटा धरला, सुलटा धरला.
"गुंता आहे. ओढू नको. टोक बघ."
मी अजून बघतोय.

"मग आपण कुणाच्या बाजूला?"

मी नव्या नगाची घडी उलटली.
मागं सगळे रंग अदलाबदल झालेले,
पांढऱ्यात लाल, लालात पांढरं,
हात होते, पण डावा कुठला ते सांगता येईना.
काहीतरी शहाण्यासारखं बोलणार होतो.
तेवढ्यात तिचा फोन वाजला.

पूर्वी ती विचारायची, जेवलास का?
आता आधी विचारते, आज विमानं कमी का जास्त?
मग जेवलास का.
मग बराच वेळ नुसतं हूं, हूं,
आणि दुसऱ्या हातानं काठ दुमडत राहते,
चारही कोपरे, टाका न चुकवता.

मी लेबल लिहायला घेतो.
शंभर टक्के सुती. गरम पाण्यात धुवू नये.